दिवसा झोपणाऱ्याची तुला

औंढ्यात भागूबाईच्या आधी कोणी उठत असेल तर तो फक्त नागनाथ, असं देवळासमोरचे दुकानदार म्हणायचे, आणि भागूबाईला ते भारी आवडायचं. ती बेल-फुलं विकायची. अंधार असतानाच डोंगराच्या पायथ्याला जाऊन बेल खुडून आणायचा, उजाडायला देवळाच्या दाराशी टोपली मांडून बसायचं, आणि मग डोळे चोळत येणाऱ्या बाकीच्या बायकांकडे अशा नजरेनं बघायचं की त्या बिचाऱ्यांना वाटावं, आपण रात्री कुठं चोरी करून आलोय की काय. नवरा गेला, दुष्काळाची सालं गेली, पण भागूबाईची टोपली उशिरा लागली असं कधी झालं नाही. अंथरुणात उजाडणं ही तिच्या लेखी आजाऱ्याची नाहीतर ऐतखाऊ माणसाची गोष्ट. तिच्या घरात सूर्यानं कुणाला आडवं पडलेलं बघितलं नव्हतं.

म्हणजे, उद्धव पेट्रोलपंपावर लागेपर्यंत.

उद्धव तिचा एकुलता एक. हिंगोलीच्या रस्त्याला गावाबाहेर एका शेठनं पंप टाकला आणि त्याला रात्रपाळीसाठी भरवशाचा माणूस पाहिजे होता. उद्धव भरवशाचा होताच, वर गरीब होता, म्हणजे शेठच्या दृष्टीनं सोन्याहून पिवळं. वारंगा फाट्याकडून, वाशिमकडून रात्रीचे ट्रक यायचे. हॉर्न वाजला की उठायचं, हातानं दांडा फिरवून डिझेल भरायचं, पुन्हा बाकड्यावर टेकायचं, आणि डोळा लागतो न लागतो तोच पुढचा हॉर्न. सकाळी घरी आला की लगेच निजायला मिळेल म्हणावं, तर तेही नाही. आईनं खुडून घरी ठेवलेला जास्तीचा बेल देवळापर्यंत पोचवायचा, पाणी भरायचं, म्हशीखालचं शेण काढायचं. हे सगळं उरकून तो ओसरीवर आडवा व्हायचा, तेव्हा ऊन चांगलंच चढलेलं असायचं. आणि दुपारी टोपली रिकामी करून भागूबाई घरी आली की पायाच्या अंगठ्यानं त्याची वाकळ हलवायची.

"ऊठ. दिवसाचं झोपू न्हाई. अंग सुटतं."

आता खरी पंचाईत अशी, की अंग सुटलेलंच होतं. पंपावर लागला तेव्हा उद्धव चांगला शेलाटा होता. तीन-चार वर्षांत गळ्याखाली वळी आली, पोट धोतरावरून खाली बघायला लागलं, लग्नातल्या सदऱ्याची बटणं लागेनात. त्याची बायको प्रेमा, कनेरगाव नाक्याची, शिवणाला हुशार. ती दर सणाला त्याच्या सदऱ्याच्या कडेनं एक पट्टी जोडायची आणि कुणाला सांगायची नाही. पण गावाला डोळे असतात. "उद्धव, गाड्यांत हवा भरता भरता सोताच्या अंगात भरून राहिला काय रे?" असं कोणीतरी विचारायचं आणि सगळी हसायची. उद्धवही हसायचा. त्याला दुसरं काही येतच नसे.

भागूबाई मात्र हसत नसे. तिला लाज वाटायची, आणि ती नुसती वाटायची नाही, आतून पोळायची. दुष्काळात ज्या गावातली माणसं खडी फोडून हाडाची काडं झाली, त्या गावात आपला पोरगा असा धट्टाकट्टा, फुगलेला, दुपारचा ओसरीवर घोरतोय, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू नये म्हणून तिनं ओसरीला जुनं लुगडं आडवं बांधलं होतं. लोकांना काय वाटेल? बेलवालीचं पोरगं आयतं खातंय आणि झोपतंय. जन्मभर ती ज्या माणसांना नावं ठेवत आली, तसला एक तिच्याच पोटी निघाला होता. त्याच्या घोरण्याचा आवाज गल्लीत गेला की तिच्या अंगावर काटा यायचा.

त्यातून एक जुना नवस फेडायचा राहिला होता.

उद्धव लहान असताना त्याला मुदतीचा ताप आला होता. पोरगं अगदी चिपाडासारखं झालेलं. भागूबाईनं तेव्हा देवळात जाऊन पदर पसरला होता, की नागनाथा, माझं लेकरू उठून बसू दे, तुला त्याच्या भारंभार गूळ वाहीन. लेकरू उठून बसलं. आणि भागूबाईनं जे बहुतेक सगळेच करतात तेच केलं: या साली नको, पुढच्या साली. मग नवरा गेला, मग पाऊस गेला, मग पोराचं लग्न आलं. नवस जागच्या जागी राहिला आणि पोरगं वाढत गेलं. तेव्हाच गुळाची तुला केली असती तर दोन ढेपांत भागलं असतं. शेजारी फुलं विकायला बसणारी गंगूताई, जिच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं, ती एके दिवशी सगळ्यांदेखत म्हणालीच, "मावशी, नवस थकवला म्हून तर त्याचं अंग असं फुगून राहिलं. देव व्याज लावून राहिला बघा."

लोक हसले. भागूबाई घरी गेली आणि त्या रात्री तिनं ठरवलं, की येत्या माघात, नवा गूळ निघाला की तुला करायचीच. तिच्या भावाच्या, ग्यानोबाच्या, वसमतकडं मळ्यात ऊस होता. तो मोठ्या मनाचा माणूस. "आक्का, गूळ माझा," तो म्हणाला. "फक्त किती लागंल ते सांग. भाच्याचं वजन किती?"

भागूबाईनं त्याचं वजन कधी करून बघितलंच नव्हतं. कापूस बाजारातला मापाडी सटवाजी ओळखीचा. तुलेला काटाही तोच देणार होता. तो म्हणाला, "मावशी, आधी पोराला बाजारात घेऊन या. कापसाच्या काट्यावर बसवू, बराबर वजन कळंल. मग तेवढाच गूळ आणा, अडचण न्हाई."

"माझा पोरगा काय कापसाची गठाण हाय?" भागूबाई कडाडली.

खरं कारण ते नव्हतं. भर बाजारात, हमालांच्या गर्दीत उद्धवला काट्यावर बसवायचं आणि सटवाजीनं वजन मोठ्यानं पुकारायचं, हे तिला डोळ्यांपुढं आणवेना. म्हणून तिनं ग्यानोबाला अंदाज सांगितला, आणि लाजेनं माणूस जसा अंदाज सांगतो तसा सांगितला: खूप कमी. "जरा अंगानं भरलाय, पण लई न्हाई," ती म्हणाली. आणि मनाशी म्हणाली, माघापर्यंत मी त्याला तेवढ्यावर आणून दाखवते.

तिथून उद्धवचे हाल सुरू झाले.

भाकरी निम्मी झाली. दूध बंद झालं. पण भागूबाईचा खरा राग भाकरीवर नव्हता, झोपेवर होता. तिच्या आईनं तिला सांगितलेलं आणि आईला तिच्या आईनं: दिवसा झोपलं की अन्न अंगावर चढतं. गावात कुणालाही विचारा, हेच सांगेल. त्यामुळं तिनं दुपारची झोप मुळातूनच काढून टाकली. सकाळची कामं उरकली की उद्धवनं घरी थांबायचंच नाही; देवळाच्या दाराशी आईच्या टोपलीजवळ येऊन बसायचं. बेलाची तीन-तीन पानं निवडायची, फुलांवर पाणी शिंपडायचं. तो पेंगायला लागला की भागूबाई त्याच्या बरगडीत कोपर मारायची. तो दचकून डोळे उघडायचा, समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे बघून ओशाळं हसायचा आणि पुन्हा पानं मोजायला लागायचा. कधी कधी पान हातात तसंच राहायचं आणि मान छातीवर यायची. मग पुन्हा कोपर. यात्रेकरू बायका तोंडाला पदर लावून हसत पुढं जायच्या. उद्धवच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, पण तो आईला उलटून बोलला नाही.

आणि तो बारीक झाला नाही. उलट गळ्याखाली दुसरी वळी आली.

भागूबाईला कळेना. भाकरी तिच्या हातून जात होती, झोप तिच्या डोळ्यांदेखत बंद होती. मग हे मांस येतंय कुठून? कोडं गंगूताईनं सोडवलं. पंपाशेजारच्या हॉटेलवाल्यानं तिच्या नवऱ्याला सांगितलं होतं, की तुमच्या बेलवालीचा उद्धव रात्रभर भजी खातो. कढईतली संपली की शेव खातो, शेव नसली की पावाचे तुकडे चहात बुडवून खातो. ट्रकवाले त्याला हौसेनं खाऊ घालतात. त्याचं खाणं बघायला मजा येते म्हणे.

भागूबाईनं उद्धवला देवळाच्या दारात गाठलं. घरी नेऊन बोलावं एवढा दम तिला निघाला नाही.

"भजे खातो व्हय रे? माय हितं उपाशीपोटी बेल तोडून राहिली आन् तू तिकडं भजे खाऊन राहिला?"

माणसं थांबून बघायला लागली. उद्धवनं मान खाली घातली. पायाच्या अंगठ्यानं तो फरशीवरचा चिखलाचा डाग पुसत राहिला.

"बोल की. तोंड दिलंय ते निस्तं खायलाच काय?"

"माय, झोप आली की भूक लागती," तो हळूच म्हणाला. "लई लागती. पोट भरलेलं असलं तरी लागती. आन् तोंड हलत असलं की डोळा लागत न्हाई. न्हाईतर हॉर्न ऐकू येत न्हाई मला. शेठ काढून टाकंल."

"झोप आली की झोपतात, खात न्हाईत!" भागूबाई म्हणाली. आजूबाजूचे हसले. वाक्य ठसकेबाज झालं होतं हे तिलाही कळलं, आणि खरं सांगायचं तर क्षणभर तिला बरं वाटलं. आपल्या बोलण्यातला वेडेपणा तिच्या ध्यानात आला नाही. झोप आली की झोपायला त्याला जागा ठेवली होती का कुठं? रात्र शेठनं घेतली होती आणि दिवस आईनं.

पौषात एका सकाळी उद्धव पंपावर डिझेल भरता भरता खाली बसला, तो उठेना. प्रेमा आणि भागूबाई त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टर तरुण होता, बाहेरून बदलून आलेला. त्यानं छाती तपासली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या आणि खाण्याचं विचारायच्या आधी त्यानं विचारलं, "झोपतोस किती?"

उद्धवनं आईकडं बघितलं. उत्तर भागूबाईनं दिलं. "झोपू देत न्हाई मी त्याला. अंग बघा त्याचं. झोपून झोपूनच तर झालंय."

डॉक्टरनं नळी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "बाई, मी आधी होतो त्या गावात एक गिरणी होती. रात्रपाळीची माणसं माझ्याकडं यायची. त्यांतली कितीतरी अशीच सुटलेली. खायला कुणालाच फार नसायचं, पण झोप कमी पडली की त्यांना खाय खाय सुटायची, आणि तीही गोड नाहीतर तळकट. पुस्तकात याबद्दल मला काही सापडलं नाही, पण डोळ्यांनी बघितलंय. आधी याला पोटभर झोपू द्या. मग वजनाचं बघू."

"झोपून कुणी बारीक झालंय का कधी?" भागूबाईनं बाहेर येताच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "शिकलेल्या माणसाचं एकेक न्यारंच असतं."

प्रेमा नवऱ्याला धरून पुढं चालत राहिली. ती कमी बोलणारी पोरगी. पण तिनं डॉक्टरचं मनावर घेतलं होतं. दुसऱ्या दिवसापासून उद्धव टोपलीजवळ उशिरा यायला लागला. कधी म्हशीला वैरण घालायची राहिली, कधी दोरखंड वळायचं होतं, अशी कारणं प्रेमाच सांगायची. आठवडाभरानं भागूबाई संशयानं अवेळी घरी आली आणि गोठ्यात गेली. कडब्याच्या गंजीमागं, वाकळ न अंथरता, उद्धव अंगाची जुडी करून झोपला होता. एवढा मोठा बाप्या, आईला दिसू नये म्हणून गुडघे पोटाशी घेऊन. दाराशी प्रेमा राखण बसल्यासारखी ज्वारी निवडत होती.

भागूबाईनं त्याला उठवला. त्याच्या पाठीला कडब्याची पाती चिकटलेली होती. तो बाहेर गेला, हौदावर तोंड धुतलं आणि देवळाकडं चालायला लागला.

"आत्याबाई, त्यांला झोपू द्या," प्रेमा म्हणाली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण सासूपुढं तिचा आवाज पहिल्यांदा एवढा चढला होता. "तुमच्या पाया पडते."

"आन् तुलेच्या दिवशी? सगळ्या औंढ्यापुढं त्याचं पारडं जमिनीवरून उठलं न्हाई म्हंजे? तुला लाज न्हाई वाटायची?"

"मला न्हाई वाटत त्यांची लाज," प्रेमा म्हणाली आणि सूप उचलून आत गेली.

या उत्तराचा भागूबाईला फार राग आला. सून उलटून बोलली म्हणून राग आला, असं तिनं स्वतःला सांगितलं. त्या दिवसापासून ती रोज दुपारी घरी चक्कर मारायला लागली, गोठ्यासकट. उद्धवची तेवढीही झोप गेली.

माघातला सोमवार उजाडला. देवळाच्या आवारात सटवाजीनं तीन बल्ल्या उभ्या करून त्यांच्यामधे मोठा काटा टांगला. साखळ्यांना दोन फळ्यांची पारडी. ग्यानोबानं बैलगाडीतून गुळाच्या ढेपा आणल्या होत्या. नव्या गुळाचा वास सगळ्या आवारात पसरला होता. सोमवारची गर्दी होतीच, त्यात तुला आहे म्हटल्यावर दर्शन झालेली माणसंही घरी जाईनात. गंगूताई तर फुलांची टोपली भरलेली सोडून पुढंच येऊन उभी राहिली.

उद्धव पंपावरून थेट आला. दिवसपाळीच्या माणसाच्या घरी मयत झाली होती, त्यामुळं आदल्या दिवशीही पंप त्यानंच सांभाळला होता. दोन रात्री आणि मधला दिवस त्याच्या पाठीला अंथरूण लागलं नव्हतं. प्रेमानं त्याला तिथंच बाजूला नेऊन पट्ट्या जोडलेला सदरा घातला. गुरवानं त्याला गंध लावलं, हार घातला. तो पारड्यात बसला तशी साखळी करकरली आणि पारडं धप्पकन जमिनीला टेकलं.

"हर हर महादेव!" कोणीतरी ओरडलं, आणि त्यात भक्तीपेक्षा मजाच जास्त होती.

पहिली ढेप भागूबाईनं स्वतः उचलून ठेवली. मग सवाष्णींनी हात लावला. मग ग्यानोबा एकेक ढेप चढवत गेला. गुळाचं पारडं थोडं डुलायचं, पुन्हा थांबायचं. शेवटची ढेप चढली. भागूबाईनं देवाचं नाव घेतलं. गुळाचं पारडं हवेतच राहिलं आणि उद्धवचं जमिनीवरून तसूभरही हललं नाही.

सगळ्यांनी माना उंच करून काट्याकडं बघितलं. मग मागून कोणीतरी म्हणालं, "ग्यानोबा, गूळ काहून आणला? अख्खा मळाच आणायचा व्हता!" आणि हास्याचा जो फवारा उडाला, तो गाभाऱ्यापर्यंत गेला असावा. सटवाजीनं भागूबाईकडं बघितलं. मी सांगितलं होतं, असं तो म्हणाला नाही, पण त्याचा चेहरा तेच म्हणत होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं भागूबाईला झालं. उद्धव मान खाली घालून, साखळी दोन्ही हातांनी धरून बसला होता. आपल्या वजनानं आईचा नवस मोडतोय हे त्याला कळत होतं. त्याची हनुवटी हारात रुतली होती.

"मी आणतो बाजारातून," ग्यानोबा म्हणाला. "आलोच. कोणी हलू नका." आणि तो गर्दीतून वाट काढत गेला.

वाट बघणं सुरू झालं. बाजाराचा दिवस, दुकानात गर्दी. ग्यानोबा लवकर काही येईना. ऊन आवारात उतरलं. लोक बसले, तंबाखू मळायला लागले, पोरं गुळाभोवती घोटाळायला लागली. आणि मग एक आवाज सुरू झाला. आधी बारीक, मग चांगला मोठा. उद्धव घोरत होता. पारड्यात बसल्या बसल्या, साखळीला गाल टेकून, गळ्यात हार, कपाळाला गंध, अशा थाटात तो भर देवळात झोपला होता.

आता मात्र लोकांना आवरेना. बाया एकमेकींच्या खांद्यावर डोकी टेकून हसायला लागल्या. "दिवसाचाच झोपला की ग मावशी!" गंगूताई किंचाळली. "देवापुढं सुदा झोपला!"

भागूबाई शरमेनं काळीठिक्कर पडली. आणि मग तिला तो नेहमीचा संताप आला. ती उठली, तरातरा चालत पारड्याजवळ गेली आणि त्याला गदागदा हलवायला तिनं हात उचलला.

तिचा हात वरच राहिला.

तिनं त्याचा चेहरा इतका जवळून, झोपलेला, किती दिवसांत बघितला नव्हता. रोज दुपारी ती फक्त वाकळ हलवायची, चेहऱ्याकडं बघायचीच नाही. डोळ्यांखाली काळं झालं होतं, शाई सांडल्यासारखं. पापण्या सुजलेल्या. ओठ फुटलेले. तोंड उघडं पडलं होतं आणि हनुवटीवरून लाळ हारात ओघळत होती. साखळीच्या कड्या गालात रुतल्या होत्या, तिथं कातडीवर लाल खाचा पडल्या होत्या, तरी त्याला ते कळत नव्हतं. लोखंडावर गाल रुतवून, सगळा गाव हसत असताना जो माणूस झोपतो, तो आळशी नसतो. एवढं कळायला तिला डॉक्टर लागला नाही, सूनही लागली नाही. तो अर्धमेला होता. तिनं केला होता. आणि हे फुगलेलं, हसण्यावारी गेलेलं अंग म्हणजे तिनं रोज दुपारी हिरावून घेतलेली झोप होती. तीच तो रात्री भज्यांनी भरून काढत होता.

आजवर तिला त्याची लाज वाटायची. आता तिला स्वतःची वाटली. तिनं पारड्याची साखळी धरली.

"हलवा की मावशी, उठवा," गुरव म्हणाला. "मुहूर्त टळंल."

"टळू द्या," भागूबाई म्हणाली. "देवानं इतकी सालं वाट बघितली, घटकाभर आणखी बघंल. ह्याला कोणी हात लावायचा न्हाई."

"अगं पण दिवसाचं..." गंगूताईनं सुरुवात केली.

भागूबाई वळली. टोपली मांडून बसणाऱ्या बाईचा तो आवाज, कोपऱ्यात उभ्या माणसालाही ऐकू गेला. "दिवसाचं झोपू देत नव्हते मी त्याला. रोज दुपारी मीच उठवीत व्हते. बारीक व्हावा म्हून. डॉक्टर सांगून राहिला व्हता, सून पाया पडत व्हती. म्या ऐकलं न्हाई. हसायचं आसंल तर मला हसा."

गर्दी गप्प झाली. सगळी नाही, मागं दोन-चार जण हसतच होते, तसले कुठंही असतात. गंगूताई मात्र पदर सारखा करत आपल्या फुलांकडं निघून गेली.

ग्यानोबा हमालाच्या डोक्यावर गूळ देऊन आला. भागूबाईनं त्याला तोंडावर बोट ठेवून खूण केली. ढेपा अशा ठेवल्या, की जणू पाळण्यातलं लेकरू जागं होईल. प्रेमानं साखळी आणि गालाच्या मधे आपल्या पदराची घडी सरकवली. शेवटच्या ढेपेला उद्धवचं पारडं जमिनीवरून हळूच उठलं, थोडं झुललं आणि गुळाच्या बरोबरीनं थांबलं. गुरवानं हलक्या आवाजात मंत्र म्हटला. नारळ फोडायचा तो लांब, नंदीमागं जाऊन फोडला. सटवाजीनं पारडं इतकं सावकाश खाली घेतलं, की एवढ्या जपून त्यानं कधी सोन्याचंही माप केलं नसेल. उद्धव एका कुशीवर कलंडला आणि एक मोठा श्वास घेऊन पुन्हा घोरायला लागला.

गूळ वाटला गेला. माणसं गेली. सटवाजीनं काटा उतरवला, पण ज्या फळीवर उद्धव होता ती तशीच राहू दिली. भागूबाई त्याच्या डोक्याखाली गुळाचं रिकामं पोतं घालून त्याच्याजवळ बसली. पोत्याला मुंग्या लागायच्या, त्या ती एकेक करून झटकत होती. ऊन त्याच्या अंगावर सरकलं तशी ती सरकून उन्हाच्या आड बसली. प्रेमानं दोनदा येऊन म्हटलं, आत्याबाई, तुमी घरी जा, मी बसते. ती उठली नाही. त्या दिवशी तिची टोपली लागलीच नव्हती, आणि ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

सावल्या लांब झाल्या तेव्हा कुठल्यातरी यात्रेकरूनं घंटा जोरात वाजवली. उद्धव दचकून जागा झाला. समोर आई बसलेली बघितली तसा त्याचा चेहरा भेदरला. तो धडपडत उठून बसला, लाळ पुसली, फुलांवर पाणी शिंपडायचा तांब्या शोधायला त्याचा हात इकडंतिकडं चाचपडायला लागला.

"झोपलो न्हवतो, माय," तो घाईघाईनं म्हणाला. "आईशपथ झोपलो न्हवतो. निस्ते डोळे मिटले व्हते."

भागूबाईच्यानं त्याच्याकडं बघवेना. ती पोत्याची सुरकुती सारखी करत राहिली. मग त्याच्या खांद्याला धरून तिनं त्याला पुन्हा आडवं केलं, आणि तो घाबरून ताठ पडून राहिला.

"व्हय बाबा," ती म्हणाली. "न्हाई झोपलास तू. आता झोप."